डायलमागचा दिवा

हल्ली बायको वरच्या खोलीतल्या फोनवर फार हळू बोलते आणि जिन्यावर पाऊल वाजलं की विषय बदलते, हे तात्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. म्हणून एके दिवशी खालचा जुना फोन काखोटीला मारून त्यांनी मेकॅनिकचं दुकान गाठलं. त्या फोनच्या डायलमागचा दिवा कधीचाच गेला होता.

"नवा दिवा घाल. पण वर कुणी फोन उचलला की खाली माझा डायल उजळला पाहिजे, असं काहीतरी कर. आणि या कानाचं त्या कानाला कळता कामा नये!"

"होईल की. नुसत्या लाइनवर दिवा पेटायचा नाही, वेगळा अडॅप्टर जोडून देतो," म्हणत मेकॅनिक गालातल्या गालात हसला.

हसायला काय झालं याला? तात्यांना आता त्याचाही संशय येऊ लागला.

फोन घरी आला त्याच दुपारी बायको वर गेली आणि खाली डायल मंद पिवळा उजळला. सापडली! तात्या मांजराच्या पावलांनी फोनपाशी गेले, श्वास रोखून त्यांनी रिसीव्हर अलगद उचलला आणि कानाला लावला.

पलीकडून बायकोचा आवाज आला.



"मेकॅनिकदादा, माझ्या डायलमागे तुम्ही बसवलेला दिवा अगदी चोख चालतोय हो. ह्यांनी आत्ताच खालचा फोन उचलला बघा!"