तान्हेपणीचा अहवाल

जलशुद्धीकरण केंद्रात अकरा वर्षं राबलेल्या श्रीरंग गुरवला प्रमुखपद नाकारलं गेलं, तेही कामातल्या चुकीसाठी नव्हे. कुणाच्या हाताखाली माणसं द्यायची असली, की आता आधी त्याच्या मेंदूतल्या तान्हेपणीच्या खुणा मशीनने तपासत. अहवालात लिहिलं होतं : ‘वयाच्या चौदाव्या महिन्यापासून सात महिने रडण्याला प्रतिसाद नाही. विश्वासाचा पाया कच्चा. नेतृत्वास कायम अपात्र.’

घरी येऊन त्याने तो कागद आईला वाचून दाखवला. “आई, हे खरं आहे?”

मेथी निवडणारे सुभद्राबाईंचे हात थांबले. “साथीच्या वॉर्डात ड्युटीला होते रे मी. तुला आत्याकडे ठेवलं होतं. तिची स्वतःचीच तीन पोरं. तुला आठवत नाही, म्हणून कधी बोलले नाही.”

“मला खरंच नाही आठवत.”

“मशीनला सापडलं ना!” त्या उठून चपला शोधू लागल्या. “चल, तुझ्या साहेबांना सांगते, चूक माझी होती. पोराला कशाला शिक्षा?”

“काही उपयोग नाही, आई,” म्हणत श्रीरंगने हाताला धरून त्यांना खाली बसवलं. तो हात हातात असतानाच, उभ्या आयुष्यात कधी न पडलेला प्रश्न त्याला पडला : सात महिन्यांत हिला एकदाही येता आलं नसतं?