घड्याळ

गिरणीत अठरा वर्षं रात्रपाळी करून मुकुंद टेंब्यांचं पार घुबड झालं होतं. मालकानं टाळं ठोकलं तरी रात्री दोनला त्यांना कडकडून भूक लागायची आणि दुपारी बसल्या जागी डोळे मिटायचे. दुकानात लागलेली नोकरी डुलक्यांपायी आठवड्यात गेली. टावर चौकातल्या डॉक्टरनं फर्मावलं, "दिमाग की घड़ी उल्टी चल रही है, टेंबेजी. दिवसा झोपणं बंद, रात्री खाणं बंद!"

बायकोनं, विमलनं, ते मनावर घेतलं. दुपारी त्यांची मान कलली की ती पुढ्यात मटारच्या शेंगा ओतायची. "सोला! गिरणी गेली, आता तरी माणसांत या!" अख्खा हिवाळा टेंब्यांनी मटार सोलले, बोलणी खाल्ली, आणि एकदाचे रात्री दहाला घोरायला लागले.

त्याच आठवड्यात फ्रीगंजात परदेशी टीव्हीची नवी शोरूम उघडली. शेठनं गिरणीतला अनुभव विचारला आणि टेंब्यांना उभ्या उभ्या ठेवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी विमलनं खिडक्या लावल्या, पुढ्यातल्या शेंगा उचलल्या आणि म्हणाली, "अहो, झोपा आता. रात्री चौकीदारीला जायचंय."