वाढवलेलं आयुष्य

गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबायच्या आतच मनकर्णाने हंबरडा फोडला. पदर ढळला, एका पायातली वहाण गाडीतच राहिली. "माय गं, मला टाकून काहून गेलीस!" म्हणत ती तशीच धावत माहेरच्या अंगणात शिरली.

अंगणात तिची आई, पार्वतीबाई, भिंतीला टेकून बसली होती. पुढ्यात वाटीभर कण्या होत्या.

दारातल्या बाया हसल्या. शेजारच्या सखुबाईने मनकर्णाला कवेत घेतलं. "बास गं बास, लेकी! तुझा आवाज पार वेशीपस्तोर गेला. म्हातारीची धा वर्सं बराबर वाढली!" आणि तिच्या तोंडात साखरेची चिमूट घातली.

मनकर्णाचे हुंदके एकदम थांबेनात. तिने भावाकडे पाहिलं. किसनराव पांढऱ्या मिशीत हसत होता.

"परवा मायच्या डोक्यावर कावळा बसला," तो म्हणाला. "मग करावंच लागतं की. पोटच्या लेकीवानी खरं कोण रडतं?"

ती समजली. कावळा डोक्यावर बसला म्हणजे मरणाचं बोलावणं आलं. मग मेल्याची खोटी खबर धाडायची, जवळच्या माणसाला खरंखुरं रडवायचं. त्या रडण्याने दारातलं मरण परत फिरतं आणि माणसाचं आयुष्य वाढतं. किसनरावने हे याआधीही दोनदा केलं होतं, आणि दोन्ही वेळा ती अशीच धावत आली होती. या खेपेला तरी खबर आणणाऱ्या खेमाला खोदून विचारायला हवं होतं. पण आई नव्वदीच्या पुढची. आणि माय गेली हे ऐकल्यावर खोदून कोण विचारतं?

तिला राग आला. रागाच्या तळाशी आनंदही होताच. ती आईजवळ बसली.

"रडलीस?" पार्वतीबाईने विचारलं.

"रडू नको तर काय करू, माय?"

"तुला सांगितलं होतं. कुणी काही सांगू दे, डोळ्यानं पाहिल्याबिगर रडू नको." म्हातारीचा आवाज चढला नाही. "पहिल्यानं रडलीस, त्याच महिन्यात तुझा भाऊ सोनाजी गेला. दुसऱ्यानं रडलीस, सोनाजीचं पोरगं गेलं. दारात आलेलं रिकाम्या हातानं जातं व्हय?"

"पटकीनं गेले ते," किसनराव मोठ्याने म्हणाला. "गावात घरटी माणूस गेलं. तू आपली जग, माय. तू हाईस तवर आमी लेकरं. तुझ्यामागं मग पाळी माझीच की!"

शेवटचं तो हसत बोलला. त्याच्यासंगं कुणी हसलं नाही.

"जग म्हणतो." पार्वतीबाई लेकीकडेच बघत होती. "मने, सोनाजीला नेलं त्या दिशी मी जेवले. बराबर जेवले. रडायला बसले तर वाटलं, हे तर झालंय. हेच अंगण, ह्याच बाया, हीच रड. लेकाची का नवऱ्याची का दिराची, ध्यानात येईना. पाडवा येतो, दिवाळी येते. मला वाटतं, ही तर मागचीच, धुऊन पुन्हा वाळू घातलेली. भूक न्हाई तरी पंगतीत बसवून वाढून राहिले तुमी. उठू देईनात."

मनकर्णाने तिचा हात हातात घेतला. हात ऊबदार होता. मागच्या खेपेपेक्षा भरलेला.

"जावई आलेत?"

"आलेत. बाहेर बैलांना पाणी पाजून राहिले."

पार्वतीबाईने वाटी बाजूला सारली. "त्यांना आत आणू नको."

पण संतराम तोवर अंगणात आलाही होता. सासूला बसलेली पाहून तो थबकला, मग खदखदून हसला. "वा सासूबाई! आमची मंडळी डोंगरकड्यापासून वाट भिजवून राहिली, अन् तुमी कण्या खाऊन राहिल्या!"

बाया पुन्हा हसू लागल्या. सखुबाई गुळपाणी आणायला उठली तसं त्याने हातानेच नको म्हटलं. दिवस रझाकारांचे होते, वाटेवर लूटमार चाले. घर आणि गुरं शेजाऱ्याच्या भरवशावर टाकून तो निघाला होता; उजेड आहे तोवर निम्मी वाट तोडायची होती, आणि ती एकट्याने. मनकर्णा मागे राहणार होती.

"पाया पडतो अन् निघतो," म्हणत तो वाकला.

पार्वतीबाईने पाय लुगड्याखाली ओढून घेतले.

संतरामचे हात तसेच जमिनीला टेकले. त्याला वाटलं, म्हातारी थट्टा करतेय.

"म्हणा की पार्वतीबाई," सखुबाई म्हणाली. "औक्षवंत व्हा, शंभर वर्सं जगा. मोकळं करा त्यांना."

"सासूबाई, कंबर मोडली की माझी," संतराम खालूनच बोलला.

म्हातारी त्याच्याकडे बघतच नव्हती.

"माय," मनकर्णा कुजबुजली, "आशीर्वाद दे ना. त्यांना एकट्याला जायचंय."

"तेच म्हणून राहिले मी." पार्वतीबाई तितक्याच हळू बोलली. "न्हाई म्हणावं तर बाहेर ही अशी वाट. म्हणावं तर माझ्यावानी जगत राहायचं. तुझा नवरा हाय, तू सांग. म्हणू का?"

मनकर्णाने तोंड उघडलं. एवढं साधं होतं, एक हो म्हणायचं होतं. किसनराव दुसरीकडे बघत होता.

संतराम वाकलेलाच होता. सदऱ्याची कॉलर मागे ओढली गेली होती, आणि उन्हाने रापलेली त्याची मान उघडी पडली होती.