तुटकं पान

राजवर्धननं कात्री मागितली. गल्ल्यावरच्या मुलीनं ती पुढं सरकवली.

काचेच्या टेबलावर घोंगडी पसरलेली होती. अंगचीच काळी, रंगाचा थेंब नाही. सातारच्या हायवेवरच्या राजवर्धनच्या त्या दुकानात एसीची गार हवा होती आणि त्या हवेत लोकरीचा वास बिनधास्त फिरत होता. उत्कर्षाला त्या वासाची जरा लाज वाटत होती. तिची आई मनुबाई दाराजवळच्या स्टुलावर बसली होती. तिला कशाचीच लाज वाटत नव्हती.

"माल एक नंबर आहे मॅडम," राजवर्धन म्हणाला. "चाळीसच्या चाळीस ठेवून घेतो. पुढं दर महिन्याला जमतील तेवढ्या द्या. फक्त हे तुमचं काढावं लागेल. लेबल आमचं लागणार."

'हे तुमचं' म्हणजे घोंगडीच्या कोपऱ्याला शिवलेला चामड्याचा तुकडा. बोटभर लांब, पानाच्या आकाराचा. त्याच्या डाव्या कडेला दोन खाचा.

आठ महिने उत्कर्षानं एकच हट्ट धरला होता. बाजारात घोंगडी ढिगानं लागते आणि ढिगातली वस्तू ढिगाच्याच भावानं जाते. आपली घोंगडी ढिगात बसणार नाही. ती उंची माल म्हणूनच विकली जाईल. सांगलीतल्या जाहिरातवाल्यानं खर्चाचा आकडा सांगितला तेव्हा ती चहा अर्धा टाकून उठली. घरात नाही दाणा आणि मला हवालदार म्हणा, असं शेजारणी तोंडावर म्हणाल्या. म्हणू देत. तिनं माधवनगरच्या यंत्रमागवाल्याकडून उरलेलं कोरं कापड आणलं आणि त्याच्या पिशव्या शिवल्या. डांबरगोळ्यांऐवजी कडुनिंबाचा पाला घातला. प्रत्येक पिशवीत स्वतःच्या वळणदार अक्षरात चिठ्ठी ठेवली: सूत कातलं मनुबाईनं, विणलं ज्योतिबा सनगर यांनी, दिवस लागले पाच. फोटो काढले मोबाइलवर, जतच्या माळावर, दगडांच्या ढिगावर घोंगडी टाकून. ते फोटो बघूनच राजवर्धननं बोलावलं होतं.

राहिली होती खूण. छापून घ्यायला पैसे नव्हते. मग मिरजेच्या चप्पलवाल्याकडून चामड्याचे उरलेसुरले तुकडे आणून तिनं त्यांची पानं कापली. छान गुळगुळीत पानं. मनुबाईनं आतापर्यंत एकाही गोष्टीचं कौतुक केलं नव्हतं. तिनं एक पान हातात घेतलं, बराच वेळ उलटंसुलटं केलं, मग चाकू घेतला आणि डाव्या कडेला दोन खाचा पाडल्या.

"आता झालं," ती म्हणाली.

उत्कर्षा भडकली. चांगलं पान नासवलं म्हणाली. मनुबाईनं खाली बसून उरलेल्या एकोणचाळीस पानांनाही तशाच खाचा पाडल्या. आईशी वाद घालण्यापेक्षा भिंतीशी घातलेला बरा, हे उत्कर्षाला लहानपणापासून माहीत होतं. गिऱ्हाइकाला ही स्टाइल वाटेल, असं म्हणून तिनं ती तुटकी पानं शिवून टाकली.

"तसंही हे पान तुटकंच आहे," राजवर्धन आता म्हणाला. "आमचं गिऱ्हाईक असलं घेत नाही."

उत्कर्षानं दाराशी रचलेल्या पिशव्यांकडं पाहिलं. नाही म्हटलं तर सगळं ओझं एसटीनं परत न्यायचं. ज्योतिबाकाकांचा माग थांबणार. आठ महिन्यांचा हट्ट, आणि आता कुठं पहिलं मोठं दुकान समोर आलेलं.

"चालेल," ती म्हणाली. "काढा."

राजवर्धननं कात्री टाक्याला लावली. तेवढ्यात एक खरबरीत हात त्या पानावर येऊन पडला. मनुबाई स्टुलावरून कधी उठली, कुणालाच कळलं नव्हतं.

"मावशी, हात काढा. लागेल."

"आवं दादा, आमची दोनशे मेंढरं व्हती," मनुबाई शांतपणे म्हणाली. "ही पोरगी पाळण्यात असताना इकली. मालक सांगलीला हमालीला गेले. पर हर एका मेंढराच्या डाव्या कानाला ह्या अशा दोन खाचा व्हत्या. रानात कुठंबी गेलं तरी लोक वळखायचे, ह्ये मनुबाईचं हाय म्हणून."

उत्कर्षानं कोपऱ्याकडं पाहिलं. चाळीस वेळा तिनं ते पान शिवलं होतं. ते पान नव्हतंच. तो कान होता.

सांगलीतल्या एका खोलीत वाढलेल्या मुलीला हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि तिनंही कधी विचारलं नव्हतं. तिला स्वतःचा राग आला. त्या 'चालेल'चा तर फारच आला.

तिनं राजवर्धनच्या हातातून कात्री घेतली आणि टेबलावर लांब ठेवली. घोंगडीची घडी घातली. खुणेचा कोपरा वर राहील अशी घातली.

"खुणेसकट घेणार असाल तर बोला," ती म्हणाली.

राजवर्धन हसला. "मॅडम, मेंढरं कधीच गेली. हा चामड्याचा तुकडा आहे. एवढ्यासाठी हातचं गिऱ्हाईक घालवताय?"

मनुबाईनं दोन पिशव्या काखेत मारल्या आणि लेकीला म्हणाली, "चल गं. ह्यो गिऱ्हाईक न्हवं. मेंढरू चोरणारा पयला कानच कापतो."