चालू ठेवलेला कीबोर्ड
घशाच्या ऑपरेशननंतर गायकाकडे कुजबुजच उरली. त्याची जुनी तान ऑर्केस्ट्राच्या सॅम्पलिंग कीबोर्डमध्ये शाबूत होती. त्यात दाराची करकर, बायकोची शिंक, काहीही पकडून त्यानं कार्यक्रम गाजवले होते. आवाज साठवून ठेवायची फ्लॉपी खराब झालेली. बंद केला की तान गेली, म्हणून बायको कीबोर्ड चालूच ठेवायची. दिवसातून दहादा तान ऐकायची, नवरा काही बोलला की “नंतर सांगा.” आज धूळ पुसताना तिच्याच हातून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं. लाल दिवा लुकलुकू लागला: आता होईल तो पहिला आवाज तानेच्या जागी बसणार. तिनं श्वास रोखून नवऱ्यापुढे हात जोडले. रद्द करणारं बटण त्यालाच ठाऊक. बोट तिथवर नेऊन तो थबकला, कीबोर्डच्या माइकवर वाकून कुजबुजला, “आता हाच आवाज. सवय कर.” तान पुसली गेली. “ऐकू आलं,” ती म्हणाली, “ओरडताय कशाला?”