आतली कडी

“पप्पा, ऑपरेशन तुम्ही का नाही करून घेत?”

तेजश्रीनं विचारलं एकदाचं! दुपारी शाळेत श्रुती आणि भाविकानं पैज लावली होती, हाच प्रश्न घरी विचारून दाखव, उद्या शेजवान राईस आमच्याकडून. आणि गेल्याच महिन्यात वक्तृत्वात पहिली आलेली तेजश्री असल्या पैजेला थोडीच घाबरणार?

तिच्या पप्पांचा, बाबासोंचा, घास हातातच राहिला. ओट्याशी उभी असलेली आई भाकरी थापत होती, ती थापतच राहिली.

“कसलं ऑपरेशन?”

“मूल न होण्याचं. आज शाळेत डॉक्टरबाई आलेल्या. त्या म्हणाल्या, बाईपेक्षा पुरुषाचं सोपं असतं. त्याच दिवशी घरी सोडतात.”

डॉक्टरबाई टेबलावर एकेक वस्तू मांडत होत्या तेव्हा बाकीच्या मुली तोंडावर हात दाबून खिदळत होत्या. तेजश्रीला मात्र सगळं ओळखीचं होतं. त्या गोळ्यांनी आईचं डोकं इतकं ठणकायचं की ती फडकं आवळून बसायची. तांबी बसवली तर अंगावरून जाणं थांबेना, शेवटी काढावी लागली. निरोधचं पाकीट माळ्यावर डब्यांमागे पडून होतं, न फोडलेलं. आणि बायकांचं ऑपरेशन? अंगात रक्त कुठाय, आत्ता नको, असं दवाखान्यातच सांगितलेलं. दिवाळीनंतर आई पुन्हा पोट पाडून आली, तेव्हापासून मोरीपर्यंत जायचं तरी भिंत धरून. ‘पुन्हा दिवस राहिले तर जिवावर बेतेल,’ हे डॉक्टरांनी पप्पांच्या तोंडावर सांगितलं होतं.

टेबलावरची एकच गोष्ट या घरात कधी आली नव्हती, पुरुषांच्या ऑपरेशनचं पत्रक.

बाबासो हसले. रागावले असते तरी चाललं असतं.

“तेजू, मार्केटात गोण्या उचलतो मी. आमच्या टोळीत एकानं केलं ते. कंबरच गेली त्याची. आता गेटवर बसून असतोय, पोरं चिडवत्यात त्याला.”

“असं काही होत नसतं पप्पा! थोडे दिवस आराम करायचा, मग सगळं पहिल्यासारखं. डॉक्टरबाई स्वतः...”

“डॉक्टरबाईनं कधी कांद्याची गोणी उचललीय का?”

तेजश्रीनं आईकडे बघितलं. बोल ना. एकदा बोल, एकदाच.

“गप गं,” आई म्हणाली. “बापाला असलं विचारतात? त्यांच्या पाठीवर घर चाललंय. पाठीला काय झालं तर खाशील काय?”

“आणि तुला काय झालं तर?”

भाकरी उलटायला आईनं हात पुढे केला आणि तो हात तव्याऐवजी ओट्याची कड शोधू लागला. बाबासो ताट ओलांडूनच धावले. तिला धरून खाली बसवलं, पाणी पाजलं, गॅस बंद केला.

“बीट खाल्लंस का आज? रोज निवडून आणतोय मी. तसंच सुकून जातंय.”

दारामागच्या पिशवीतून त्यांनी एक बीट काढलं, स्वतः सोललं, चकत्या केल्या. गोण्या ओढून राठ झालेली बोटं लालभडक झाली. एकेक चकती ते तिच्या तोंडाशी धरत होते आणि आई मुकाट्यानं चावत होती.

“खा. रक्त वाढतंय त्यानं.”

पप्पा वाईट असते तर किती सोपं झालं असतं, तेजश्रीला वाटलं.

तिचा फोन थरथरला. श्रुती. ‘विचारलंस??? काय बोलले???’ तिनं फोन पालथा ठेवला.

मार्केटला पहाटेच निघायचं म्हणून या घरात जेवणं झाली की लगेच अंथरुणं पडायची. बाहेरच्या खोलीत आईपप्पा. आत स्वयंपाकघरात तेजश्री, दहावीचा अभ्यास म्हणून. मोरी स्वयंपाकघरातच, त्यामुळे दोन खोल्यांमधल्या दाराला आतून कडी होती. आंघोळीपुरती लागायची, एरवी लोंबत असायची.

बाबासोंनी गादी पसरली आणि रोजच्यासारख्या दोन उशा शेजारी-शेजारी ठेवल्या. आई दाराशी टेकून उभी होती.

तेजश्रीनं त्यातली आईची उशी उचलली. आत नेली, आपल्या अंथरुणावर ठेवली. मग आईचा दंड धरून तिला उंबऱ्याच्या आत घेतलं. वक्तृत्वातला तो खणखणीत आवाज तिनं घशात खूप शोधला. मिळाला नाही.

“आजपासून आई माझ्याजवळ झोपणार,” ती म्हणाली. “कडी मी लावणार.”