दॉन गोयोच्या नजरेतलं घर

"कुठाय?" क्रिसोफोरोंनी विचारलं.

उलिसेसने गच्चीच्या कठड्यावरून पूर्वेकडे बोट दाखवलं. तिकडे पाण्याच्या टाक्या होत्या, वाळत घातलेल्या चादरी होत्या आणि त्यापलीकडे मेक्सिको शहराचं नेहमीचं धुरकं. डोंगर नव्हता.

"आहे तिथंच. आज जरा हवा वाईट आहे."

"आहे तिथंच हे मलाही माहितीय. दिसतो का, ते विचारतोय मी."

क्रिसोफोरोंची नासपतीची बाग पोपोकातेपेतलच्या पायथ्याशी होती. या ज्वालामुखीला त्यांच्या गावात त्या लांबलचक नावाने कुणी हाक मारत नाही. तो दॉन गोयो, गावातला सगळ्यांत वडीलधारा. सकाळी उठून आधी त्याची विचारपूस करायची, वाढदिवसाला त्याला नवा कोट आणि टर्कीचा झणझणीत रस्सा वर नेऊन द्यायचा, घरात काही ठरलं की त्याच्या कानावर घालायचं. लेकीने, ओतिलियाने, शहरात नर्सची नोकरी धरली तेव्हा क्रिसोफोरोंनी अडवलं नव्हतं. नोकरी सुटते, सासर सुटत नाही. म्हणून आज ते नवऱ्या मुलाचं, उलिसेसचं, घर बघायला आले होते, आणि अट एकच होती. घरावरून दॉन गोयो दिसला पाहिजे. नाही तर लग्न नाही.

"बाबा, मान अवघडेल तुमची," ओतिलिया म्हणाली. "खाली चला, जेवण गार होतंय."

"जेवणाला तुझ्याइतकी घाई नाही."

ते एका उपड्या बादलीवर ठाण मांडून बसले. उलिसेसची आई, चेलोबाई, कॉफी घेऊन वर आल्या.

"डिसेंबरात वारा सुटला ना, की अस्सा समोर उभा असतो बघा."

"सणावाराला सगळेच तोंड दाखवतात, बाई. मी रोजचं विचारतोय."

उलिसेसने टोपी काढून हातात घेतली. "खरं सांगतो. रोज नाही दिसत. महिना महिना दिसत नाही. पण ओतिलिया आमच्याकडे आली की आधी इथं वर येते, तिकडे तोंड करते आणि म्हणते, 'मी इथं आहे हो.' पहिल्यांदा मला वाटलं, फोनवर बोलतेय."

क्रिसोफोरोंना राग यायला हवा होता. पोरगा खोटं बोलला असता तर नाही म्हणणं सोपं गेलं असतं. पण तो सरळ होता, आणि पोरगी त्याच्याकडे बघत होती ते बापाला कळत होतं. तरीही, जिथं दॉन गोयोची नजर पोचत नाही तिथं तिला ठेवून एकट्याने परत जायचं, हे त्यांना पटत नव्हतं.

"मग? ऐकतो का तो तुझं?" त्यांनी लेकीला विचारलं.

"काय माहीत," ओतिलिया म्हणाली. "मी आपली सांगते."

कॉफी निवली. ऊन कललं, वारा फिरला. चेलोबाई एकदम चादरींकडे धावल्या.

"मेली राख. आत्ताच धुतल्या होत्या."

चादरींवर करडी भुकटी बसत होती. कठड्यावर, कॉफीत, ओतिलियाच्या केसांवर. शेजारच्या गच्च्यांवर बायका कपडे ओढून काढत होत्या आणि ज्वालामुखीच्या नावाने बोटं मोडत होत्या.

क्रिसोफोरो उठले. लेकीच्या केसांवरची राख त्यांनी चिमटीत घेतली, चोळली, हुंगली. गावी ती बागेवर पडली की ते त्याला दटावत, पुरे कर म्हाताऱ्या. आज दटावणं काही सुचेना. डोळे भरून आले होते, आणि राखेचं निमित्त आयतंच होतं.

"एवढ्या लांब आलास," ते पुटपुटले. "या वयात."

चेलोबाई कोपऱ्यातला झाडू घेऊन आल्या. क्रिसोफोरोंनी तो त्यांच्या हातातून हळूच काढून घेतला.

"राहू द्या, विहीणबाई. पाहुणा आत्ताच टेकलाय."